रथसप्तमीला कंबर धरली, म्हणून व्यायाम सोडायचा का?

एका वाचक ताईंचं पत्र आलंय, ते थोडक्यात असं : वय 44, डोंबिवलीत राहतात, खाजगी कंपनीत अकाउंट्सचं काम, दोन सिझेरियन झालेली. कंबर अधूनमधून दुखायचीच, पण यंदा रथसप्तमीला सोसायटीच्या ग्रुपबरोबर पहाटे साडेपाचला 108 सूर्यनमस्कार घातले ("त्याआधी घातले ते मागच्या रथसप्तमीचे बारा") आणि दुसऱ्या दिवशी कंबर अशी धरली की तोंड धुवायला बेसिनवर वाकता येईना. एमआरआयमध्ये एल-फोर एल-फाइव्हला, म्हणजे कमरेच्या खालच्या दोन मणक्यांमध्ये, डिस्क बल्ज निघाला. "मणक्यात गॅप आलाय, वाकू नका, वजन उचलू नका, खाली बसू नका" असं सांगितलं गेलं. दहा दिवस ट्रॅक्शन (कमरेला ओढ देणं) झालं, तेव्हापासून कमरेला पट्टा आहे. मार्च एंडिंगला दुखणं परत उसळलं. आता चार महिने झालेत, कमी आहे पण गेलेलं नाही. सासूबाई म्हणतात सिझेरियनच्या वेळी कमरेत दिलेल्या इंजेक्शनचा हा परिणाम, नवरा पाण्याची कळशीसुद्धा उचलू देत नाही, मैत्रीण म्हणते तुझा कोअर, म्हणजे पोटा-कमरेचे स्नायू, वीक आहे, जिम लाव. त्या विचारतात, "व्यायामानेच कंबर गेली आणि आता सगळे व्यायामच कर म्हणतात, हे कसं? पूर्ण बरं वाटेपर्यंत आराम करू की सुरू करू? आणि बहिणीची मुलगी सात महिन्यांची आहे, तिला उचलावंसं फार वाटतं पण मी हात मागे घेते."

ताई, सुरुवात तुमच्या पत्रात जे नाहीये तिथून करते. पायातली ताकद गेलीय, चालताना पाऊल घसटतं, लघवी अडकते किंवा झालेली कळत नाही, मांड्यांच्या मधली बैठकीची जागा बधिर झालीय, यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही आणि तपासणीतही तसं काही निघालेलं नाही. यातलं एक जरी असतं तरी मी तुम्हाला आजच्या आज हॉस्पिटल गाठायला सांगितलं असतं, कारण त्यात एकेक दिवस महागात पडतो. बाकी वाचकांनाही सांगून ठेवते, कंबरदुखीबरोबर बारीक ताप येतोय, भूक मेलीय, वजन आपोआप उतरतंय, दुखणं रात्री झोपेतून उठवतंय, आधी कधी कॅन्सर होऊन गेलाय, किंवा उतारवयात साधं पडायचं निमित्त होऊन दुखायला लागलंय, तर व्यायामाचे व्हिडिओ बघत बसू नका, आधी डॉक्टर. आपल्याकडे मणक्याचा टीबी अजून दिसतो आणि उशिरा कळला की फार नुकसान करतो. आणि तिशीच्या आसपासचं कुणी असेल, सकाळी अर्धा-एक तास कंबर लाकडासारखी असते, आराम केला की वाढतं आणि हालचाल केली की सुटतं, असं तीन महिन्यांच्या वर चाललं असेल तर संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा, ते प्रकरण वेगळं असतं.

आता रथसप्तमी. "व्यायामानेच कंबर गेली" असं तुम्ही लिहिलंय, तर आपण जरा मोजून बघू. एका सूर्यनमस्कारात पुढे वाकणं दोनदा येतं, उभ्याने मागे झुकणं दोनदा आणि भुजंगासन एकदा. म्हणजे 108 मध्ये पुढे वाकणं झालं 216 वेळा, मागे झुकणं 216 वेळा आणि भुजंगासन 108 वेळा, तेही एका बैठकीत, आणि वर्षभराची तयारी किती तर बारा नमस्कार. शिवाय वेळ पहाटेची. रात्रभर आपण आडवे असतो तेव्हा मणक्यांमधल्या चकत्या, म्हणजे डिस्क, पाणी शोषून फुगतात, म्हणून तर आपली उंची सकाळी संध्याकाळपेक्षा सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर जास्त भरते, आणि त्या टम्म फुगलेल्या चकत्यांना उठल्या उठल्या खोल वाकणं जास्त जड जातं. थंडीच्या दिवसांत अंथरुणातून उठून सरळ टेरेसवर गेलात ना? तुमच्या कंबरेने जे केलं ते कुणाच्याही कंबरेने केलं असतं.

सध्या वारीचे दिवस आहेत म्हणून तेच उदाहरण देते. वर्षभर रिक्षाशिवाय न हललेल्या माणसाने एकदम पुणे ते सासवड हा दिवे घाटाचा टप्पा चालायचा ठरवला तर दुसऱ्या दिवशी त्याचे पाय बोलणारच, पण म्हणून चालणं पायांना वाईट असं आपण म्हणतो का? म्हणतो की सवय नव्हती. कंबरेच्या बाबतीत मात्र आपण लगेच "बिघडली" म्हणतो, "गेली" म्हणतो, आणि तो शब्द मग डोक्यात घर करून बसतो. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्काराचा एवढा प्रसार केला तो रोजच्या सवयीचा म्हणून केला. वर्षातून एकदा 108 घालायची चढाओढ मला स्वतःला अजिबात पटत नाही, दरवर्षी रथसप्तमीनंतरच्या आठवड्यात माझ्याकडे क्लिनिकला तुमच्यासारखे चार-पाच जण येतात आणि प्रत्येकाला वाटत असतं की सूर्यनमस्कार आपल्याला सोसत नाहीत. सोसतात हो. एकदम एवढे सोसत नाहीत.

मग तो एमआरआय? आधी तो 'गॅप' शब्द बाजूला ठेवू, कारण त्याने जेवढी माणसं घाबरवलीत तेवढी दुसऱ्या कशाने नसतील. मणक्यांच्या मधे फट पडलीय आणि वाकलं तर हाड सटकेल असं चित्र त्या शब्दाने उभं राहतं. प्रत्यक्षात वयानुसार चकतीतलं पाणी कमी होतं, ती थोडी बसते, म्हणजे दोन मणक्यांमधलं अंतर असलंच तर कमी होतं, वाढत नाही. आणि बल्ज म्हणजे त्या चकतीची कड जराशी बाहेर आलेली. 2015 मध्ये एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला होता, त्यात कंबर अजिबात न दुखणाऱ्या तीन हजारांहून जास्त लोकांचे स्कॅन एकत्र बघितले होते. चाळिशीतल्या, काहीही न दुखणाऱ्या लोकांमध्ये जवळपास 50 टक्के जणांना डिस्क बल्ज होता, आणि चकतीची झीज तर 68 टक्के जणांना. विशीतल्या पोरांमध्येसुद्धा 30 टक्के जणांना बल्ज. तुमच्या ऑफिसमधल्या चाळिशीच्या दहा जणांचा एमआरआय काढला तर पाचेक जणांचा रिपोर्ट तुमच्यासारखाच येईल आणि ते मजेत लोकलला लटकून येत असतील. रिपोर्ट खोटा आहे असं मी म्हणत नाही, तुमच्या दुखण्यात त्या चकतीचा काही वाटा असेलही, पण तो बल्ज रथसप्तमीलाच आला हे कुणी सांगू शकत नाही, आणि तो जाईपर्यंत थांबायचं हे तर गणितच चुकीचं आहे, कारण पुष्कळ लोक बल्ज तसाच असताना पूर्ण बरे होतात.

सासूबाईंच्या इंजेक्शनबद्दल पण बोलते, कारण हा समज घराघरात आहे आणि बायका वीस-वीस वर्षं तो मनात धरून असतात. सिझेरियनला कमरेत जे इंजेक्शन देतात त्याची जागा काही दिवस दुखते, हे खरं. पण त्यामुळे वर्षानुवर्षं टिकणारी कंबरदुखी होते असा संबंध अभ्यासांतून दिसलेला नाही. गरोदरपणातला भार, त्यानंतर मूल कडेवर घेऊन केलेला सगळा संसार, अर्धवट झोप, स्वतःसाठी अर्धा तासही न मिळणं, याकडे मात्र कुणी बोट दाखवत नाही. सासूबाईंशी वाद घालू नका, त्या काळजीपोटीच बोलतायत, पण तुम्ही स्वतः तो विचार सोडून द्या. इंजेक्शनने कंबर कायमची अधू केली असं मनात धरलं की मग माणूस व्यायाम तरी कशाच्या जोरावर करणार.

आता तुमचा मुख्य प्रश्न, आराम की व्यायाम. इथे दोन वेगवेगळ्या वेळा आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. कंबर नुकतीच धरलीय, उसण भरलीय, वळवतही नाही, हे पहिले काही दिवस. त्या दिवसांबद्दल 1995 मध्ये फिनलंडमधला एक अभ्यास आला होता, हेलसिंकी शहराच्या 186 कर्मचाऱ्यांवर केलेला, एका गटाला दोन दिवस अंथरुणात झोपवलं, एका गटाला कंबरेचे व्यायाम दिले आणि एका गटाला सांगितलं की जेवढं सोसेल तेवढी रोजची कामं करत राहा, बाकी काही नको. सगळ्यात लवकर सावरले ते रोजची कामं करणारे. म्हणजे त्या दिवसांत अंथरूण धरणं पण कामाचं नाही आणि यूट्यूब लावून ताणाताण करणं पण कामाचं नाही, मी स्वतः व्यायाम देणारी आहे तरी हे सांगते. शेक घ्या, डॉक्टरांनी दिलेली गोळी घ्या, घरात हिंडत राहा, भाजी चिरा, उभ्याने करा बसून करा, पण हलत राहा.

तुमचे ते दिवस केव्हाच संपलेत. चार महिने म्हणजे हे जुनाट दुखणं झालं, आणि इथे व्यायामाची बाजू भक्कम आहे. 2021 मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा आढावा आला, त्यात जुनाट कंबरदुखीवर व्यायाम देऊन केलेले 249 अभ्यास होते, काहीच न करण्यापेक्षा व्यायामाने दुखणं कमी होतं असा त्याचा निष्कर्ष. प्रामाणिकपणे सांगते, फरक जादूसारखा नसतो, मध्यम असतो, आणि एखादाच प्रकार बाकी सगळ्यांना मागे टाकतो असंही ठामपणे म्हणता येत नाही. ही मला चांगली बातमी वाटते. योगा क्लास, जिम, पोहणं, चालणं, यातलं जे तुम्हाला आवडेल, परवडेल आणि डोंबिवलीहून ऑफिस गाठून जमेल ते घ्या. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी पहिल्यांदा मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात व्यायाम आणि दुखणं नीट समजावून सांगणं या गोष्टी करा म्हटलंय, आणि सरसकट पट्टा आणि ट्रॅक्शन नको म्हटलंय. तुम्हाला नेमकं उलटं मिळालं याचं मला वाईट वाटतं, आमच्याच व्यवसायात अजून रोज हे चालतं आणि पेशंटला कुणी धड बसून समजावत नाही.

पट्टा लगेच कचऱ्यात टाकू नका. पहिल्या आठवड्यात घरात असताना काढा, मग ऑफिसमध्ये बसलेलं असताना, मग फक्त गर्दीच्या लोकलपुरता ठेवा, आणि महिन्याभरात तिथूनही सुटेल. पट्टा काढल्यावर पहिले दोन दिवस उघडं उघडं वाटतं, त्याला घाबरू नका.

मैत्रिणीच्या कोअरबद्दल. तुम्ही लिहिलंय की तिने सांगितल्यापासून तुम्ही दिवसभर पोट आत ओढून बसता. ते आजपासून बंद करा. दुखऱ्या कंबरेचे स्नायू बहुतेक वेळा ढिले नसतात, उलट घाबरून सतत आवळलेले असतात, मूठ दिवसभर घट्ट धरली तर हात दुखणारच ना. प्लँक (कोपर आणि पायाच्या बोटांवर अंग सरळ तोलून धरणं) वाईट नाही, जिमही वाईट नाही, मैत्रिणीचा ट्रेनर समजूतदार असेल आणि पहिल्या महिन्यात वजनं वाढवायची घाई करणारा नसेल तर खुशाल जा. पण कोअर वीक म्हणून कंबर दुखते आणि प्लँक केला की थांबते इतकं ते सरळ नसतं. व्यायामाने काय होतं, तर स्नायूंना ताकद येते, झोप लागते, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात मोठा फरक पडतो तो याचा की वाकले, उचललं, आणि काही झालं नाही, हे अंगाला शंभर वेळा कळतं. मग मेंदूने लावलेला तो धोक्याचा सततचा भोंगा हळूहळू खाली येतो. म्हणूनच दुखणं पूर्ण थांबल्यावर व्यायाम सुरू करेन असं म्हणणारे वर्षानुवर्षं थांबलेले दिसतात.

तुमच्यासाठी मी सुरुवात चालण्याने करेन. 2024 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास आला, 701 लोक, सगळे नुकतेच कंबरदुखीतून बरे झालेले. अर्ध्यांना फिजिओच्या मदतीने टप्प्याटप्प्याने चालायला लावलं, सहा महिन्यांत आठवड्याला पाच दिवस, दिवसाला 30 मिनिटं इथपर्यंत न्यायचं असं, बाकीच्यांना काही दिलं नाही. काही न करणाऱ्यांपैकी निम्म्यांची कंबर 112 दिवसांत परत दुखायला लागली, चालणाऱ्यांपैकी निम्म्यांची 208 दिवसांत. तुम्ही अजून पूर्ण बऱ्या नाही, त्यामुळे हे आकडे तुम्हाला जसेच्या तसे लागू होत नाहीत, पण एवढी स्वस्त आणि सोपी गोष्ट दुसरी नाही. पहिल्या आठवड्यात दिवसातून दोनदा दहा मिनिटं. एकदा ऑफिसला जाताना स्टेशनपर्यंत रिक्षा न करता, एकदा रात्री जेवण झाल्यावर, नवऱ्याला बरोबर घेऊन. दर आठवड्याला चार-पाच मिनिटं वाढवा.

त्याच्या जोडीला घरात, एक दिवसाआड, खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठायचं आणि बसायचं, आठ वेळा. पाठीवर झोपून पाय दुमडून कंबर वर उचलायची, योगातलं सेतुबंध, तेही आठ वेळा. हातापायांवर ओणवं होऊन पाठ मांजरीसारखी वर करायची आणि खाली सोडायची, हे दहा वेळा. हे सकाळी उठल्या उठल्या करू नका, चहा-डबा उरकून किंवा संध्याकाळी करा. दोन आठवड्यांनी त्यात उचलणं आणा, 2 किलो डाळीची पिशवी स्टुलावरून उचलून ओट्यावर ठेवायची, परत स्टुलावर, पाच वेळा. महिन्याभराने 5 किलोचं कणकेचं पॅकेट. गुडघे वाकवा की पाठ ताठ ठेवा याचा फार बाऊ करू नका, वस्तू अंगाजवळ धरा आणि श्वास कोंडू नका, बस. खाली बसणं पण परत सुरू करा, पहिल्यांदा पाटावर पाच मिनिटं, देवपूजेपुरतं, आपल्या घरांत जमिनीवर बसणं तोडलं की निम्मं आयुष्य तुटतं.

करताना दुखलं तर? दहापैकी तीन-चारपर्यंत दुखलं तरी चालेल, फक्त दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते आदल्या दिवसाएवढ्यावर परत यायला हवं. नाही आलं तर पुढच्या वेळी निम्मं करा. निम्मं, शून्य नाही, हे लक्षात ठेवा, कारण तुमच्यासारखे जबाबदार लोक एक तर 108 करतात नाही तर काहीच नाही करत. स्नायू नवीन कामाने दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठणकतात ते वेगळं, जिना उतरताना मांड्या बोलतात तसं, तो ठणका आपोआप जातो. पायात खाली मुंग्या येऊन वाढत चालल्या किंवा पाऊल लुळं वाटलं तर मात्र थांबून डॉक्टरांकडे. आणि पहिल्या दोन-तीन वेळा एखाद्या फिजिओसमोर करून घ्या, मशिनं लावणाऱ्या नको, जो तुम्हाला उभं करून हलवून बघेल असा शोधा.

मार्च एंडिंगचं तुम्ही एका ओळीत लिहून सोडून दिलंत, मला ते महत्त्वाचं वाटलं. तुम्हाला वाटतंय खुर्चीमुळे वाढलं. असेलही थोडं. पण त्याच पत्रात आहे की त्या पंधरवड्यात झोप चार-पाच तासच होती, साहेबांचे फोन रात्री अकराला, आणि डबा गाडीतच. अपुरी झोप आणि ताण यांनी तेच दुखणं दुप्पट जाणवतं, हे मनाचे खेळ नाहीत, शरीर असंच चालतं. महागडी खुर्ची घेऊ नका. दर अर्ध्या-पाऊण तासाने उठा, फोन उभ्याने घ्या, आणि पुढच्या मार्चमध्ये चालणं बंद न करता निम्म्यावर आणा. दुखणं परत उसळेल तेव्हाही, आणि वर्ष-दोन वर्षांत एकदा तरी उसळेल, हेच करा, चार दिवस निम्म्यावर, मग परत चढवा. ते उसळलं म्हणजे नवीन काही तुटलं असं नसतं.

सूर्यनमस्कार तुम्हाला आवडतात हे पत्रातून कळतं, तेव्हा ते सोडू नका. सहा आठवडे वरचं सगळं जमलं की दोन नमस्कारांनी सुरू करा, हात जमिनीला टेकले नाहीत तरी चालेल, समोर दोन स्टुलं ठेवून त्यावर टेकवा. आठवड्याला एक वाढवा, म्हणजे दहा आठवड्यांत बारा होतात. पुढच्या रथसप्तमीला ग्रुपमध्ये जा, तुमचे जेवढे रोजचे असतील तेवढे घाला आणि बाकीच्यांचे मोजायला बसा.

नवऱ्याला माझं हे उत्तर वाचायला द्या. काळजी करणारा माणूस आहे, पण सगळं उचलून नेतो तेव्हा तुम्ही नाजूक आहात हेच रोज तुम्हाला नव्याने कळत असतं. कळशी तुम्हाला उचलू द्या म्हणावं, आधी अर्धी भरलेली.

आणि भाची. सात महिन्यांचं मूल म्हणजे साधारण सात-आठ किलो. येत्या रविवारी बहिणीकडे जा, आधी पलंगावर टेकून बसा आणि बाळाला मांडीवर द्यायला सांगा, त्यासाठी कुठल्याही तयारीची गरज नाही. कणकेचं 5 किलोचं पॅकेट ओट्यावर सहज जायला लागलं की बाळाला पलंगावरून उचला, छातीशी धरून. पॅकेटात 2-3 किलो डाळ वाढवून तेही जमलं की मग जमिनीवरून, एक गुडघा टेकून. तोपर्यंत ती रांगायला लागलेली असेल आणि तुम्हाला तिच्या मागे वाकून पळावंच लागेल.